पावसाळा आला की लेगोच्या किल्ल्याला त्याच दोन जागी भेग: दोष ठोकळ्यांत नव्हता

मृग निघाला की पंधरा-वीस दिवसांत माझ्या लेगोच्या किल्ल्याच्या तटाला दोन भेगा पडायच्या. दर वर्षी त्याच दोन जागी, डावीकडून बत्तिसाव्या आणि चौसष्टाव्या स्टडवर (स्टड म्हणजे ठोकळ्यावरचा गोल दाणा). दाबून बसवल्या की मिटायच्या आणि आठवड्याभरात पुन्हा उघडायच्या. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की वाढ थांबायची. पण पुढच्या जूनमध्ये भेग आदल्या वर्षीपेक्षा रुंद. २०२१, २०२२ आणि २०२३ असे तीन पावसाळे मी हे सोसलं आणि तिन्ही वेळा चुकीच्या जागी औषध लावलं. कारण सापडल्यावर दुरुस्तीला दोन रविवार पुरले. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात लांबलचक मॉडेल मांडून बसलेल्यांपैकी आणखी कुणाला हाच त्रास असेल, तर त्यांचे तरी पावसाळे वाचावेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी मॉडेलबद्दल, कारण भेग कुठे पडते ते मॉडेल कसं बांधलंय यावर ठरतं. किल्ला येळ्ळूरच्या राजहंसगडावर बेतलेला आहे. हुबेहूब नाही, पण लहानपणी पहिल्यांदा तो तट पाहिला तेव्हा जसा मनात बसला तसा. आमच्याकडे दिवाळी म्हणजे किल्ला. माती कालवायची, पोत्यावर ती थापायची, वर मोहरी पेरायची आणि पाडव्यापर्यंत ती उगवली की तटावर मावळे उभे करायचे. ते हात मोठेपणी रिकामे राहिले नाहीत एवढंच. ज्यांना हे पोरखेळ वाटतं त्यांनी खोका बघावा. खुद्द कंपनीच २०२० पासून मोठ्यांच्या संचांवर १८+ छापते.

तर किल्ला तीन तुकड्यांत आहे. प्रत्येक तुकडा ३२ बाय ३२ स्टडच्या बेसप्लेटवर, म्हणजे पायाच्या सपाट तक्त्यावर. दोन स्टडमधलं अंतर ८ मिलिमीटर, म्हणजे एक प्लेट २५.६ सेंटिमीटर आणि तीन मिळून ७६.८. तट बारा ठोकळे उंच, साधारण साडेअकरा सेंटिमीटर. तीन तुकडे अशासाठी की दिवाळीत गल्लीतल्या पोरांच्या किल्ल्याशेजारी मांडायला नेता यावा. तुकडे एकमेकांना जोडले होते ठोकळ्यांच्या भोकांत घट्ट बसणाऱ्या काळ्या, घर्षणवाल्या पिनांनी, आणि त्या सगळ्या तटाच्या वरच्या भागात. खाली भोकांचे ठोकळे लावले असते तर पायथ्याची दगडी ठेवण बिघडली असती, म्हणून मी वरच भागवलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिल्या वर्षी संशय ठोकळ्यांवर गेला. वाटलं, दमट हवेनं ते फुगतात किंवा सैल पडतात. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये तपासणी विभागात आहे, मोजणं हा रोजचा धंदा. दोन बाय चारचे वीस ठोकळे तटातून काढले, वीस नवे घेतले आणि मायक्रोमीटर लावला. लांबी ३१.८, रुंदी १५.८, उंची ९.६ मिलिमीटर. नव्या-जुन्यांत फरक म्हणावा असं काही सापडलं नाही. सापडायला नकोच होतं. १९६३ पासून हे ठोकळे एबीएस प्लास्टिकचे होतात आणि एबीएस चोवीस तास पाण्यात ठेवलं तरी स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याइतकंही पाणी धरत नाही. ठोकळ्याची ती पकड १९५८ च्या पेटंटमधली आहे आणि तेव्हाचा ठोकळा आजच्यावर बसतो. एवढं सगळं ठाऊक असूनही मी भेगेच्या दोन्ही बाजूंचे ठोकळे बदलले. श्रावणात भेग हजर.

दुसऱ्या वर्षी डिंक वापरला. म्हणजे ते झटकन चिकटणारं, पाच-दहा रुपयांच्या ट्यूबमधलं. हे कुणीही करू नका. त्याची वाफ आसपासच्या पृष्ठभागावर बसून पांढरा थर धरते आणि हवा दमट असेल तर जास्तच धरते. जुलैतल्या बेळगावात मी ते गडद राखाडी बुरुजाला लावलं. सकाळी बुरुजावर राख उडाल्यासारखं दिसत होतं, आणि भेग चिकटवलेल्या ठोकळ्यांच्या बाजूच्या सांध्यातून उघडली होती. आयात खेळण्यांवरचं शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. आपल्याकडे एकेक ठोकळा कसा जमवावा लागतो ते सगळ्यांना माहीत आहे. त्यातले चौतीस मी असे घालवले.

तिसऱ्या वर्षी प्लेटांखाली पुठ्ठ्याच्या पाचरी सारल्या. त्यानं पंधरा दिवस खरंच बरं वाटलं. मग पुठ्ठ्यानं ओल धरली, तो चेपला आणि आपण मूळ पदावर आलो. पण पंधरा दिवस का होईना फरक पडला होता, आणि खालून उचलल्यावर पडला होता. तिथेच माझं डोकं चालायला हवं होतं.

चाललं ते एका चाकामुळे. किल्ल्याच्या दारापुढे एक छोटी तोफ आहे. तिचं एक चाक सैल होतं, धक्का लागला की निसटायचं. निसटलं की ते दर वेळी फळीवर एकाच जागी सापडायचं, दरवाज्याच्या बरोबर समोर, मधोमध. तोफ मी कधी डाव्या बुरुजाशी ठेवायचो, कधी उजव्या. चाक मात्र मध्ये. दोन वर्षं मी ते तिथून उचलून परत लावत होतो. २०२३ च्या ऑक्टोबरात एका संध्याकाळी ते उचलताना हात थांबला. चाक उतारानं जातं. म्हणजे फळीला मध्ये उतार आहे.

दुसऱ्या दिवशी कामावरून फिलर गेज आणि एक मीटरची सरळ पट्टी घरी आणली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, फिलर गेज म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पात्यांचा जुडगा. फटीत जे पातं अडकत-अडकत जातं तेवढी ती फट. तीन वर्षं मी भेग नुसती डोळ्यांनी बघत होतो, तीही वरून. आता पहिल्यांदा तीन उंचींवर मोजली. तळाशी १.२० मिलिमीटर. तटाच्या मध्यावर ०.५५. वर, पिनांपाशी, ०.०५ चं सगळ्यात बारीक पातंही शिरेना. दुसऱ्या भेगेचंही तसंच. खाली रुंद, वर शून्य, अगदी पाचरीच्या आकाराची.

मग पट्टी फळीवर उभी धरली. फळी ९० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, १८ मिलिमीटर जाड, तयार मिळते ती लॅमिनेट लावलेल्या भुशाच्या बोर्डाची, दोन टोकांना ब्रॅकेट. पट्टीखाली मधोमध ६ मिलिमीटरची फट होती. मॉडेल उतरवलं, फळी रात्रभर रिकामी ठेवली, सकाळी परत मोजलं. साडेचार. ओझं काढूनही सावरली नव्हती.

एवढ्यावर सगळा उलगडा होतो. फळी मध्ये बसली की तिच्यावरची तीन तुकड्यांची रांगही मध्ये बसते. तुकडे स्वतः ताठ आहेत, ते वाकत नाहीत, त्यामुळे वाकणं फक्त दोन सांध्यांवर येतं. वर पिना आहेत, वरचं टोक धरलेलं राहतं आणि बिजागरीसारखा खालचा भाग उघडतो. पिना खाली असत्या तर भेग कदाचित दिसलीच नसती, आणि फळीचं दुखणं ती मोडेपर्यंत कळलं नसतं.

पावसाळ्यातच का, याचंही उत्तर फळीतच आहे. भुशाचा बोर्ड म्हणजे लाकडाचे कण डिंकानं दाबून केलेली फळी. वरून लॅमिनेट असतं, पण मागची कापलेली कड उघडी असते आणि ब्रॅकेटच्या स्क्रूची भोकंही उघडी. तिथून ओल आत शिरते. ओला बोर्ड ओझ्याखाली कोरड्यापेक्षा झपाट्यानं वाकतो, आणि वाळल्यावर वाक परत जात नाही. पुढचा पावसाळा तिथून पुढे सुरू होतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर झड लागते तेव्हा कपडे वाळत नाहीत, दारं चौकटीत अडकतात. खानापूर-जांबोटीकडे तर विचारायलाच नको. त्या चार महिन्यांत सहा किलोचं मॉडेल अशा फळीवर ठेवणं म्हणजे तिला हळूहळू वाकवणंच.

तुमच्या भेगेचं कारण फळीच असेल असं नाही. म्हणून काहीही बदलण्याआधी भेग तीन उंचींवर मोजा. फिलर गेज नसेल तर कागद चालतो. साधा ए-फोर कागद सुमारे ०.१ मिलिमीटर असतो, किती घड्या आत जातात ते बघा. खाली रुंद आणि वर मिटलेली असेल तर मध्य बसलाय. वर रुंद आणि खाली मिटलेली असेल तर उलट, म्हणजे मध्य उचललाय किंवा टोकं खाली गेलीत. ओलीनं पोट काढून वर आलेल्या एमडीएफच्या पाटावर मी हे पाहिलंय. गवंडी घराच्या भिंतीची भेग याच हिशोबानं वाचतात.

वरपासून खालपर्यंत सारखी रुंद असेल तर फळी सोडा, तापमान बघा. एबीएस एका अंशाला मीटरमागे साधारण ०.०८ मिलिमीटर वाढतं. पाऊण मीटरचं मॉडेल खिडकीतल्या उन्हात १५ अंशांनी तापलं तर जवळपास ०.९ मिलिमीटर लांब होतं आणि रात्री तेवढंच आखडतं. दोन्ही टोकांच्या प्लेटा पाटाला चिकटवल्या असतील तर ते कुठेतरी फाटणारच. अशा वेळी फक्त मधली प्लेट चिकटवा, टोकं मोकळी सोडा. आणि उन्हातून हलवा. तेच ऊन पांढरे ठोकळे पिवळेही करतं.

भेग नेमक्या सांध्यावर नसून कुठेही, वाकडीतिकडी असेल, तर मग ठोकळ्यांची पकड तपासा. स्वस्तातले दुसऱ्या कंपन्यांचे ठोकळे मध्ये मिसळले की असं होतं. दिसायला तेच, पण पकडीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचाही फरक हाताला कळतो. मिसळायचेच असतील तर आतल्या भरावात घाला, तटाच्या बाहेरच्या थरात नको.

माझी दुरुस्ती अशी झाली.

फळी बदलली. गल्लीतल्या सुतारमामांना दाखवली तर त्यांनी हातानं दाबून बघितली आणि म्हणाले, "ही उलटी करून बशीवली तर वरीसभर निभंल बघा. पण परत बसणारच की वो." उलटी करणं हा खरंच तात्पुरता उपाय आहे, अगदी हातात वेळ-पैसा नसेल तर करा. मी १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय घेतला. घेताना त्यावर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलंय का बघा. आयएस ३०३ हा साधा प्लाय. मामांनी चारी कडा आणि प्रत्येक भोक पॉलिशनं बंद केलं. मागची, भिंतीकडची कड कुणाला दिसत नाही म्हणून तशीच सोडतात, ती आधी करायला सांगा.

पण नुसत्या प्लायवर मी समाधानी नव्हतो. फळीचा वाक जाडीच्या घनावर अवलंबून असतो: १८ ऐवजी २५ मिलिमीटर घेतली तर वाक सुमारे ३७ टक्क्यांवर येतो. आणि सारखं पसरलेलं ओझं असेल तर आधारांमधल्या अंतराच्या चौथ्या घातावर: ९० सेंटिमीटरच्या मध्ये एक आधार देऊन दोन पंचेचाळीस केले तर वाक सोळाव्या हिश्श्याहून कमी. म्हणजे शक्य असेल तर मधला ब्रॅकेट हाच सगळ्यात स्वस्त आणि उत्तम उपाय. माझ्याकडे खाली मुलीचं अभ्यासाचं टेबल आहे, ब्रॅकेट तिच्या डोक्याला लागला असता. म्हणून फळीखाली २५ बाय २५ चे, २ मिलिमीटर जाडीचे दोन चौकोनी लोखंडी पाइप पुढे-मागे लावले. असल्या एका पाइपचा ताठपणा त्या जुन्या फळीच्या दहापटीच्या आसपास भरतो. आमच्या उद्यमबागेत असे ९० सेंटिमीटरचे तुकडे भंगाराच्या भावात पडलेले असतात. कापून, टोकं घासून, रेड ऑक्साइड मारून वर काळा रंग दिला. एक गोष्ट चुकवू नका: पाइपची दोन्ही टोकं ब्रॅकेटवर टेकली पाहिजेत. फळीच्या पोटाला नुसते मध्येच स्क्रू मारून लटकवले तर फायदा कमी होतो.

पाणसळ ठेवून फळी आडवीही बघून घेतली. भिंत सरळ असतेच असं नाही, त्यामुळे एका ब्रॅकेटखाली पत्र्याची चकती द्यावी लागली. पुठ्ठ्याची नाही.

मग मॉडेल. बेसप्लेटला खालून काही जोडता येत नाही, तिच्या पोटाला पकडच नसते. त्यामुळे जोड वरूनच द्यावा लागतो. प्रत्येक सांध्यावर पहिल्या थरात चार ठिकाणी २ बाय ८ च्या प्लेटा, म्हणजे पातळ ठोकळे, आडव्या टाकल्या, चार स्टड या तुकड्यावर, चार त्या. वीटकामात खालच्या सांध्यावर वरची वीट मधोमध येते तेच. त्यावर पायथ्याचे दगड पुन्हा रचले, तर बाहेरून काही कळत नाही. वरच्या पिना ठेवल्या. आता तुकडे सुटे करायला नारिंगी सेपरेटर (ठोकळे उचकटायचं अवजार) घेऊन दहा मिनिटं लागतात, पूर्वी एका मिनिटात व्हायचे. दिवाळीत एकदाच हलवायचं असतं, चालतं.

हे सगळं २०२४ च्या एप्रिलमध्ये केलं. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजतो. फळीवर पट्टी धरली की मधोमध ०.१५ चं पातं कसंबसं शिरतं, त्याच्या पुढे गेलेलं नाही. तटाच्या सांध्यात २०२४ आणि २०२५ च्या दोन्ही पावसाळ्यांत ०.०५ चं पातं गेलं नाही. तोफेचं चाक मुद्दाम सैलच ठेवलंय. आता ते जिथे पडतं तिथेच राहतं.

दमट हवेशी संबंधित दोन-तीन गोष्टी राहिल्यात. काचेच्या बंद कपाटात मॉडेल असेल तर सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर महिन्याला वाळवा. पण डांबर गोळ्या ठेवू नका, आपल्याकडे पावसाळ्यात प्रत्येक कपाटात त्या पडतात. त्यांची वाफ पॉलिस्टायरिनसारख्या प्लास्टिकला मऊ करते, आणि एबीएसमध्येही स्टायरिन आहे. बुरशी मॉडेलवर क्वचित येते, खोक्यावर आणि सूचनांच्या पुस्तकांवर मात्र हमखास. पुस्तकं उभी ठेवा, एकावर एक थप्पी नको. ठोकळे धुवायचे तर पाणी ४० अंशांच्या आत, साबण साधा, आणि वाळवणं सावलीत पंख्याखाली. गॅलरीतल्या उन्हात नको.

तपकिरी आणि गडद लाल ठोकळे वापरून कौलारू घरं करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. २००० नंतरच्या दशकातले आणि त्यापुढच्या काही वर्षांतले या रंगांचे ठोकळे ठिसूळ निघतात, हे या छंदातल्या बहुतेकांनी सोसलंय. तिथे सांधा उघडत नाही, ठोकळ्यालाच बारीक चीर जाते, बहुधा कोपऱ्यात. सेपरेटर लावतानाच तो तुटतो. तो ठोकळा बदलण्याला पर्याय नाही, फळी कितीही सरळ केली तरी. छपरासाठी घ्यायचेच असतील तर अलीकडच्या संचांतले घ्या आणि जुने जिथे ओझं येत नाही अशा जागी लावा.

चिकटवलेला बुरुज मी बदलला नाही. ते चौतीस ठोकळे आता एकाच दगडासारखे आहेत, सुटणार नाहीत. तो बुरुज मागच्या बाजूला, भिंतीकडे वळवून ठेवलाय, आणि त्याच्या जागी पुढे नवा बांधायला घेतलाय. गडद राखाडीचे बावीस जमलेत.